न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर : माजी सैनिकांच्या रुग्णालयातील मानसशास्त्र इंटर्नशिपचे एक प्रकरण

अमेरिकेत चिकित्सा मानसशास्त्रात डॉक्टरेट करणाऱ्या विद्यार्थ्याचे अभ्यासक्रम आणि परीक्षा आटोपल्या तरी पदवी हाती पडत नाही. त्याआधी एक पूर्ण वर्ष त्याला परवानाधारक मानसशास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली रुग्णसेवेत काढावे लागते. या वर्षाला तिथे इंटर्नशिप म्हणतात, आणि असे प्रशिक्षण देणारी देशातील सर्वांत मोठी संस्था म्हणजे केंद्र सरकारचे माजी सैनिक व्यवहार खाते, जे सगळीकडे ‘व्हीए’ या आद्याक्षरांनीच ओळखले जाते.

पुढे मांडलेले प्रकरण अशाच एका रुग्णालयात घडते. ते शिकवण्यासाठी रचलेले आहे. त्यातील इंटर्न, पर्यवेक्षिका आणि माजी सैनिक ही खरी माणसे नाहीत, आणि प्रश्नावल्यांवरचे त्यांचे गुणही रचलेलेच आहेत. त्यांच्याभोवतीची व्यवस्था, नियम आणि कागद मात्र आहेत तसेच ठेवले आहेत. प्रकरणात कोणी दगावत नाही. मुद्दाम तसे केले आहे, कारण शेवट वाईट असला की वाचणाऱ्याचे लक्ष शेवटावरच खिळते, आणि ज्या एका ओळीवर थांबायचे ती ओळ नजरेतून सुटते.

व्यवस्था

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा व्हीएच्या रुग्णालयांतील निम्म्याहून अधिक खाटांवर मानसिक आजारांचे रुग्ण होते आणि त्यांच्यासाठी प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ जवळजवळ नव्हते. जनरल ओमर ब्रॅडली या खात्याचे प्रमुख असताना, 1946 च्या जानेवारीत, रुग्णालये वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडण्याचे धोरण ठरले आणि त्याच वर्षी विद्यापीठांच्या साहाय्याने मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सवेतन प्रशिक्षण देणेही सुरू झाले. 1949 मध्ये कोलोरॅडोतील बोल्डर येथे भरलेल्या परिषदेने ‘संशोधक आणि उपचारक, दोन्ही एकाच माणसात’ हा घाट पक्का केला. आज इंटर्नशिपचे जे रूप दिसते त्याच्या मुळाशी ही टंचाई आहे.

सध्याचे वर्ष साधारण 2080 तासांचे असते, म्हणजे आठवड्याला 40 तासांप्रमाणे 52 आठवडे. जागा मिळते ती संगणकीय जुळणीतून: उमेदवार संस्थांचा पसंतीक्रम देतात, संस्था उमेदवारांचा, आणि फेब्रुवारीत निकाल लागतो. आपल्याकडून अमेरिकेत डॉक्टरेटसाठी गेलेले विद्यार्थी ही जुळणी पाहून व्हीएच्या जागांवर नजर ठेवतात. त्यांनी आधीच जाणून घ्यावे की या जागांसाठी अमेरिकी नागरिकत्व लागते आणि विद्यार्थी व्हिसावर असलेल्या उमेदवाराचा अर्ज विचारात घेतला जात नाही. मराठी घरांतील जी मुले या जागांवर दिसतात ती तिथेच जन्मलेली किंवा नागरिकत्व घेतलेली असतात.

आठवड्याला किमान चार तासांचे पर्यवेक्षण मान्यतेच्या नियमांनुसार बंधनकारक असते, आणि त्यातील किमान दोन तास एकास एक. मूल्यमापन नऊ क्षमतांवर होते. संशोधन, नीती आणि कायदा, चाचण्या, उपचार या त्यांतल्या काही. परंतु या प्रकरणासाठी महत्त्वाचा कागद वेगळाच आहे. इंटर्नला परवाना नसतो, त्यामुळे तिच्या कामाची जबाबदारी पर्यवेक्षकावर असते. पर्यवेक्षकाने तिच्यापासून किती अंतरावर उभे राहायचे हे व्हीएच्या नियमांत तीन पायऱ्यांनी ठरते. पहिली ‘खोलीत’, म्हणजे रुग्णासमोर दोघेही हजर. दुसरी ‘परिसरात’, म्हणजे पर्यवेक्षक त्याच विभागात, हाक मारली तर येईल असा. तिसरी ‘उपलब्ध’, म्हणजे पर्यवेक्षक जागेवर नसला तरी फोनवर मिळेल असा. कोणत्या कामासाठी कोणती पायरी, हे प्रत्येक प्रशिक्षणार्थीच्या नावे लेखी नोंदवलेले असते. वर्ष पुढे सरकते तशी पायरी बदलते, आणि बदलणे हाच प्रशिक्षणाचा हेतू असतो.

इंटर्न आणि रुग्ण

आपली इंटर्न सहाव्या महिन्यात आहे. पहिले चार महिने तिने प्राथमिक आरोग्य सेवेतील मानसोपचार विभागात काढले. तिथे अर्ध्या-अर्ध्या तासाच्या भेटी असतात, डॉक्टर तपासणी करता करता रुग्णाला थेट शेजारच्या खोलीत आणून सोडतात, आणि पर्यवेक्षक चार पावलांवर बसलेला असतो. तिथे तिने आत्महत्येच्या धोक्याची मूल्यमापने बऱ्यापैकी संख्येने केली आणि तिचा अहवाल उत्तम आला. पाचव्या महिन्यात ती आघातपश्चात ताणविकाराच्या, म्हणजे पीटीएसडीच्या, चिकित्सालयात आली. नव्या पर्यवेक्षिकेने तो अहवाल वाचला, दोन सत्रे स्वतः सोबत बसून पाहिली आणि तिसऱ्या आठवड्यात ‘वैयक्तिक मानसोपचार, व्हिडिओवरील सत्रांसह’ या एका ओळीपुढे ‘उपलब्ध’ असे लिहिले.

रुग्ण चाळिशीचा. 2006-07 मध्ये तो इराकमध्ये लष्कराच्या वाहन विभागात मेकॅनिक होता. ताफा निघण्यापूर्वी गाड्या तपासायच्या आणि तपासणीच्या कागदावर सही करायची हे त्याचे काम. एका पहाटे त्याने सही केलेली गाडी वाटेत रेंगाळली, ताफ्यापासून मागे पडली आणि रस्त्याकडेच्या स्फोटात तिच्यातले दोघे गेले. गाडीत नेमके काय बिघडले होते हे कधीच कळले नाही. त्याच्या मनात मात्र वाक्य तयार झाले ते तसेच राहिले: मी सही केली म्हणून ते मेले.

त्याला जो उपचार चालू होता त्याला कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी म्हणतात. पॅट्रिशिया रेसिक यांनी विकसित केलेली ही साधारण 12 सत्रांची पद्धत व्हीएने 2006 नंतर देशभर शिकवायला घेतली. तिच्यात अशा घट्ट बसलेल्या वाक्यांना ‘अडकलेले मुद्दे’ म्हणतात, आणि रुग्णाने ते कागदावर उतरवून स्वतःच त्यांची उलटतपासणी करायची असते: याला पुरावा काय, विरुद्ध पुरावा काय, त्या वेळी मला काय ठाऊक होते आणि आज मागे वळून पाहताना काय ठाऊक झाले आहे. पाचव्या सत्राच्या आसपास काम मूळ घटनेच्या अगदी जवळ येते, आणि काही रुग्णांचा त्रास कमी होण्यापूर्वी थोडा वाढतो. लक्षणांची वीस प्रश्नांची प्रश्नावली 0 ते 80 गुणांची असते. त्याचे गुण सुरुवातीला 52 होते, चौथ्या सत्राला 47, आणि पाचव्या सत्राच्या दिवशी 61.

मंगळवारची दुपार

सत्र व्हिडिओवर होते. रुग्ण कामाच्या ठिकाणी, आपल्या ट्रकमध्ये बसून बोलत होता. इंटर्नने नियमाप्रमाणे आधी त्याचा पत्ता आणि तातडीच्या संपर्काचा क्रमांक विचारून घेतला. नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या यादीत शेवटचा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. त्यापुढे चार आठवडे शून्य होते, आज एक होता, म्हणजे ‘काही दिवस असे वाटले’. हे तिच्या नजरेतून सुटले नाही. तिने लगेच कोलंबिया चाळणीचे, म्हणजे आत्महत्येचा धोका चाचपण्याच्या ठरावीक यादीतले, प्रश्न विचारले. झोपलो ते उठूच नये असे वाटते का? वाटते. स्वतःला संपवावे असा विचार? येतो, जातो. कसे, याचा विचार? नाही. इरादा? नाही. काही तयारी? नाही. चाळणीच्या हिशेबाने उत्तर नकारार्थी आले. पुढचे सविस्तर मूल्यमापन नियमाने बंधनकारक ठरत नव्हते. तिने त्याच्याशी दहा मिनिटे शांतपणे बोलून, त्रास का वाढला असावा हे समजावून, उलटतपासणीचा कागद पुढे घेतला आणि उद्या फोन करते असे सांगून सत्र संपवले.

पर्यवेक्षिका त्या वेळी दुसऱ्या इमारतीत होती, फोन सुरू होता. इंटर्नने फोन केला नाही. नंतर तिने दोन कारणे सांगितली, आणि दोन्ही प्रामाणिक होती. एक, चाळणी नकारार्थी होती, म्हणजे विचारण्यासारखे काही उरले आहे असे तिला वाटले नाही. दुसरे, पुढच्याच आठवड्यात तिचे सहामाही मूल्यमापन होते आणि ‘उपलब्ध’ या पायरीवर आल्यावर लगेच हाक मारणे तिला कमीपणाचे वाटले.

साडेचारला पर्यवेक्षिकेने प्रतिस्वाक्षरीसाठी आलेली नोंद उघडली. इंटर्नने तिच्यावर सही करून ती पुढे पाठवलेली होती. नोंद नेटकी होती. धोक्याच्या भागात लिहिले होते: आत्महत्येचे क्षणिक विचार, इरादा नाही, आराखडा नाही, अग्निशस्त्र हाताशी असल्याचे रुग्ण नाकारतो, तीव्र धोका कमी.

शेवटून दुसऱ्या वाक्यापाशी पर्यवेक्षिका थांबली. या माणसाची पहिली सविस्तर मुलाखत तिने स्वतः घेतली होती. पीटीएसडीच्या निदानासाठी वापरली जाणारी ती तीस मुद्द्यांची मुलाखत. तिच्यात ‘अतिसावधपणा’ या लक्षणाखाली तिने लिहिल्याचे तिला आठवले की हॉटेलात हा भिंतीला पाठ लावून बसतो, सिग्नलला मागची गाडी न्याहाळतो आणि ट्रकच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात भरलेले पिस्तूल ठेवतो.

तिने इंटर्नला बोलावले आणि पडद्यावरची ती ओळ दाखवून एवढेच विचारले, “हे त्याला विचारले होतेस?”

विचारले नव्हते. वाक्य तिने टाइप केलेलेही नव्हते. चिकित्सालयाच्या नोंदीचा जो तयार नमुना असतो त्यात ते आधीपासून असते; ज्याला लागू नाही त्याने ते खोडायचे. तिने वरचा भाग भरला, खालचा भाग राहिला तसा राहिला आणि सही झाली.

इथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. माहिती दडलेली नव्हती. ती त्याच संगणकात, त्याच रुग्णाच्या नावाखाली, पर्यवेक्षिकेच्याच हातची होती. परंतु ती लक्षण म्हणून नोंदली गेली होती, साधन म्हणून नव्हे. पिस्तूल जोवर ‘अतिसावधपणा’च्या रकान्यात होते तोवर ते त्याच्या भीतीचे चिन्ह होते, ज्या दिवशी नवव्या प्रश्नापुढे एक आला त्या दिवशी तेच पिस्तूल दुसरी वस्तू झाले, आणि एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात ते हलवणारे कोणी नव्हते. शिवाय तो त्या दिवशी बसला होता तो नेमका त्याच ट्रकमध्ये, कप्प्यापासून हातभर अंतरावर.

फोन

पाच वाजून दहा मिनिटांनी दोघींनी मिळून त्याला फोन केला. पर्यवेक्षिकेने फोन स्पीकरवर ठेवला, स्वतःची ओळख करून दिली आणि बोलणे इंटर्नकडे सोपवले. हा तिचा निर्णय मला या सबंध प्रकरणातील सर्वांत योग्य वाटतो. पायरी ‘उपलब्ध’वरून थेट ‘खोलीत’ आली, तरी काम काढून घेतले गेले नाही.

इंटर्नने “तुमच्याकडे बंदूक आहे का?” असे विचारले नाही. अमेरिकेतील माजी सैनिकाला हा प्रश्न ऐकला की पुढचे वाक्य ‘ती जमा करा’ असेल अशी शंका येते, आणि तो गप्प बसतो. अपंगत्व भरपाईच्या दाव्याची फाइल कोण कोण वाचते याची धास्ती असते ती वेगळीच. पर्यवेक्षिकेने तिला कागदावर लिहून दाखवले होते तसे तिने विचारले: “ट्रकमधले पिस्तूल तुम्ही कसे ठेवता?” तो लगेच बोलला. कप्प्यात, भरलेले, कुलूप नाही. मग तिने विचारले की गेल्या पंधरवड्यात ते विचार येत असताना त्याकडे लक्ष गेले का. थोडा वेळ शांतता. “लक्ष गेले. हात लावला नाही.”

तीस-पस्तीस मिनिटांत सविस्तर मूल्यमापन झाले. व्हीएमध्ये धोका दोन अक्षांवर मांडतात: आत्ताचा तीव्र आणि वर्षानुवर्षांचा दीर्घकालीन. निष्कर्ष निघाला तो असा की तीव्र धोका कमी, दीर्घकालीन मध्यम. म्हणजे तीव्र धोक्याबाबत दुपारी इंटर्नने जे लिहिले होते तेच. हा योगायोग प्रशिक्षणात फार त्रासदायक ठरतो, कारण त्यामुळे ‘मग चूक काय झाली?’ असा प्रश्न विचारायची सोय होते. दुपारचा निष्कर्ष ज्या उत्तरांवर उभा होता त्यांतले एक उत्तर छापील होते. तो बरोबर निघाला हे रुग्णाचे श्रेय, मूल्यमापनाचे नव्हे.

त्यानंतर सुरक्षा आराखडा तयार झाला. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी बनवलेल्या या आराखड्यात सहा टप्पे असतात: धोक्याची आपली खूण ओळखणे, एकट्याने करता येण्याजोगे काही, मन दुसरीकडे वळवणारी माणसे आणि जागा, मदत मागण्याची माणसे, व्यावसायिक मदत, आणि शेवटी भोवताल सुरक्षित करणे. पाचव्या टप्प्यात त्याने 988 लावून 1 दाबायचे, म्हणजे माजी सैनिकांची संकट मदतवाहिनी लागते, हे लिहून घेतले. सहाव्या टप्प्यावर बराच वेळ गेला. रुग्णालय केबलचे कुलूप फुकट देते, ते त्याला पुरेसे वाटत होते. इंटर्नला पिस्तूल ट्रकबाहेर हवे होते. पर्यवेक्षिका पहिल्यांदाच मध्ये बोलली: “पिस्तूल तुमचेच राहील. वाईट रात्र आणि ते, यांच्यात थोडे अंतर हवे, एवढेच.” शेवटी ठरले की उपचार संपेपर्यंत ते भावाच्या घरी तिजोरीत राहील आणि किल्ली भावाकडे असेल, असे ठेवायला देणे त्यांच्या राज्याच्या कायद्यात बसते का हेही तपासले गेले. त्याच संध्याकाळी त्याने भावाला फोन करून परत कळवले.

नोंद कशी दुरुस्त झाली

सही झालेली नोंद त्या प्रणालीत पुसता येत नाही. तिला पुरवणी जोडावी लागते. इंटर्नचा पहिला मसुदा होता: ‘अधिक माहितीनुसार अग्निशस्त्राबाबतची नोंद अद्ययावत करण्यात येत आहे.’ पर्यवेक्षिकेने तो परत केला. दुसरा मसुदा: ‘सत्रात अग्निशस्त्राबाबत विचारणा झाली नव्हती. मूळ नोंदीतील वाक्य नमुन्यातील असून ते चुकून राहिले. त्याच दिवशी सायंकाळी विचारणा केली असता...’ आणि पुढे वस्तुस्थिती. ही पुरवणी लिहायला दोन ओळींसाठी चाळीस मिनिटे लागली.

माजी सैनिकाला आपल्या नोंदी ऑनलाइन वाचता येतात. व्हीएने ही सोय 2013 मध्ये सुरू केली. याने दोन्ही वाचल्या आणि सहाव्या सत्राला तो चिडूनच आला. नाकारतो, म्हणजे काय? मी नाकारले कधी? मला विचारले कोणी? इंटर्नने सबब सांगितली नाही. ती म्हणाली की तुम्हाला विचारले नव्हते, वाक्य आधीपासून छापलेले होते, मी न वाचता त्याखाली सही केली. तो काही क्षण पडद्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “मी गाडी तपासली होती. सही त्यानंतर केली.” पाच सत्रे कागद भरूनही ही दोन वाक्ये त्याच्या तोंडून आली नव्हती. इंटर्नने ती त्याच्याच कागदावर, विरुद्ध पुराव्याच्या रकान्यात, त्याला लिहायला सांगितली. चुकीतून उपचार साधला असे कोणी म्हटले तर मी ते मान्य करणार नाही. तिच्या जागी सारवासारव करणारी इंटर्न असती तर तो माणूस सातव्या सत्राला आला नसता, एवढेच खात्रीने म्हणता येते.

कोणाची पायरी चुकली

सहामाही मूल्यमापनात ‘उपचार’ या क्षमतेत तिचे गुण चांगलेच राहिले. ‘चाचण्या आणि मूल्यमापन’ व ‘व्यावसायिक वर्तन’ या दोन ठिकाणी ते अपेक्षित पातळीवर, पण आधीपेक्षा कमी आले, आणि कारण लेखी दिले गेले. प्रशिक्षण समितीतील एकाने औपचारिक सुधारणा आराखड्याची सूचना केली. तो लागू झाला असता तर विद्यापीठाला कळवावे लागले असते, आणि इंटर्नला दाद मागण्याचा हक्क मिळाला असता. पर्यवेक्षिकेने विरोध केला. तिचे म्हणणे असे की त्या पायरीवर इंटर्न उभी होती, पण पायरी रचली होती आपण.

ते खरेच होते. ‘वैयक्तिक मानसोपचार’ ही एक ओळ म्हणजे दहा वेगवेगळी कामे. कागद समजावून देणे, गृहपाठ तपासणे आणि आत्महत्येच्या धोक्याची चाचपणी करणे, ही सगळी पर्यवेक्षिकेने एकाच शब्दाने सोडून दिली. ज्या अहवालावर विसंबून तिने ते केले तो अशा विभागातला होता जिथे पर्यवेक्षक शेजारच्या खोलीत असतो. इंटर्नचे कौशल्य आणि ती चार पावले त्या अहवालात एकत्र मोजली गेली होती. पुढे पर्यवेक्षिकेने आणखी एक गोष्ट केली, जी कोणी सांगितली नव्हती. स्वतःच्या मागच्या वीस नोंदी तिने काढून वाचल्या. शस्त्र नाकारल्याचे तेच वाक्य त्यांतल्या सहांमध्ये होते, आणि त्यांपैकी दोन रुग्णांना आपण विचारले होते का, हे तिला सांगता येईना. तिने दोघांनाही फोन केले आणि ही यादी समितीपुढे ठेवली. त्यानंतर औपचारिक आराखड्याची सूचना मागे घेतली गेली.

आपल्याकडे चिकित्सा मानसशास्त्राच्या एम.फिल.मध्ये केस लिहिलेल्या कोणालाही हे दृश्य परके वाटू नये. ‘आत्महत्येचे विचार : नाहीत’ ही ओळ किती केसशीटवर विचारून आली आणि किती ठिकाणी रकाना रिकामा दिसू नये म्हणून आली, हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

चिकित्सालयाने नमुन्यातले ते वाक्य काढून तिथे रिकामी जागा ठेवली, जी भरल्याशिवाय नोंद पुढे जात नाही. इंटर्नच्या कागदावरील एका ओळीच्या चार ओळी झाल्या. मानसोपचाराच्या तीन कामांपुढे ‘उपलब्ध’ तसेच राहिले. धोक्याच्या मूल्यमापनापुढे ‘परिसरात’ आले, आणि दहाव्या महिन्यात, पाच मूल्यमापने सोबत पाहिल्यानंतर, तेही ‘उपलब्ध’ झाले.

बाराव्या सत्राला त्याचे गुण 34 होते. नववा प्रश्न शून्य. ‘सही’चे वाक्य अजून येते, पण पूर्वीसारखे एकटे येत नाही, असे त्याने शेवटच्या लिखाणात लिहिले. इंटर्नने समारोपाची नोंद लिहिताना रिकाम्या जागेत टाइप केले: विचारले. पिस्तूल भावाच्या घरी तिजोरीत आहे, किल्ली भावाकडे. पुढच्या महिन्यात परत घेण्याचा विचार आहे, त्याबद्दल भावासह भेट ठरवली आहे. पर्यवेक्षिकेने तिला बोलावून ती भेट कोणत्या तारखेला आहे हे विचारले, तारीख नोंदीत घालायला लावली, आणि मग प्रतिस्वाक्षरी केली.